दुकानांतून माल काढला आणि जुनी गिऱ्हाईकं दुरावली, आता काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्यात आईंनी सुरू केलेला कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय तुम्ही चालवता. सातारा, कराड आणि पुणे मिळून ऐंशीच्या आसपास किराणा दुकानांत तुमचा माल असायचा. वर्षभरापूर्वी सल्ला मिळाला की दुकानदाराचं आणि वितरकाचं मार्जिन कशाला द्यायचं, वेबसाइट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरूनच विका. तुम्ही पुरवठा थांबवला. वेबसाइटवरच्या ऑर्डरी महिन्यागणिक वाढताना दिसतात, पण एकूण विक्री मात्र उतरली. ज्यांच्या घरात वर्षानुवर्षं तुमचाच मसाला होता, ती माणसं फोन करून रागावतात. "तुम्ही मोठे झालात, आता आमची काय गरज," असं एका आजींनी ऐकवलं, ते तुमच्या मनाला लागलंय. ही नाराजी काळाबरोबर निवळेल का, की दुकानांत परत जावं, आणि गेलं तर दुकानदार दारात उभं करतील का, हे तुम्ही विचारताय.

मी वितरणाच्या धंद्यातला माणूस. बीटवर, म्हणजे ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर, पिशवी घेऊन फिरणाऱ्या सेल्समनपासून सुरुवात केली, पुढे खाद्यपदार्थांच्या कंपन्यांसाठी विभागाची विक्री सांभाळली, आता लहान उत्पादकांना सल्ला देतो. माझं मत आधीच सांगतो. ही नाराजी आपोआप निवळणार नाही, कारण रागवायचे फोन काही महिन्यांनी थांबतील, पण तोवर ते गिऱ्हाईक दुसऱ्या मसाल्याला सरावलेलं असेल. तरीही सगळ्या ऐंशी दुकानांत पूर्वीसारखं परत जा, असंही मी म्हणणार नाही.

तुम्हाला सल्ला देणाऱ्याने मार्जिन हा नुसता खर्च धरला. माझ्या मते सगळं बिघडलं ते इथेच. किराणा दुकानदार त्याच्या पंधरा-सोळा टक्के मार्जिनमध्ये तुमच्यासाठी काय करतो ते बघा. मीठ-साखर-तेलाच्या यादीत तुमचं पाकीट बसवतो, म्हणजे गिऱ्हाइकाला मसाल्यासाठी वेगळा विचारही करावा लागत नाही. महिन्याच्या खात्यावर माल देतो, ती उधारी स्वतःच्या अंगावर घेतो. पाकीट फुटकं निघालं तर वाद न घालता बदलून देतो. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं आणि त्या बाईने "चांगला मसाला कुठला?" म्हणून विचारलं, तर तुमचं पाकीट पुढे सरकवतो. ही शिफारस विकत घ्यायची म्हटलं तर जाहिरातीत किती पैसे जातात, हे तुम्ही या वर्षात अनुभवलंच असेल. ही सगळी कामं तुम्ही दुकानं बंद केल्यावर संपली नाहीत. ती गिऱ्हाइकाच्या माथी गेली. आता त्याने आठवण ठेवायची, मोबाइलवर पत्ता भरायचा, आधी पैसे द्यायचे आणि कुरिअरवाला येईल तेव्हा घरी थांबायचं.

यात सगळ्यात आधी दुखावतं ते जुनं, पक्कं गिऱ्हाईक, हे सुरुवातीला पटत नाही. आपण धरून चालतो की ज्याचं आपल्यावर प्रेम आहे तो थोडी तसदी घेईलच. पण पक्कं गिऱ्हाईक म्हणजे तरी कोण? ज्याने आपला मसाला शोधणं केव्हाच सोडून दिलंय तो. तो हात लांब करतो आणि पाकीट हाताला लागतं, इतकी ती सवय साधी झालेली असते. जो चार वेबसाइटींवर भाव पडताळून घेतो त्याला तुमच्या बदलाने काही फरक पडत नाही, तो आधीपासून तिथेच होता. फटका बसतो तो त्या आजींना. त्यांना तो अपमान वाटला, कारण त्यांच्या बाजूने त्यांनी काहीच बदललं नव्हतं.

आता हिशेब. तुमचे नेमके आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून उदाहरण धरतो; तुमचे घालून पाहा. समजा २०० ग्रॅमचं पाकीट १४० रुपये एमआरपीचं आहे आणि दुकानदार-वितरक मिळून २२ टक्के जातात, म्हणजे पाकिटामागे ३१ रुपयांच्या आसपास. कुरिअरचा दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने लागतो, म्हणून एका खोक्यात दोन पाकिटं धरू, २८० रुपयांची ऑर्डर. दुकानातून विकली असती तर ६२ रुपये मार्जिन गेलं असतं. वेबसाइटवर कुरिअरचे ६० रुपये, खोकं-टेप मिळून १२ आणि पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचे, दोन टक्के धरले तर पाच-सहा, म्हणजे ७७ ते ७८ रुपये. यात जाहिरात नाही, फोन उचलायला आणि पार्सलं बांधायला बसवलेल्या मुलीचा पगार नाही, आणि कॅश ऑन डिलिव्हरीवर मागवून दारातून परत पाठवलेली पार्सलं तर नाहीतच, ज्यांचं भाडं तुम्हाला दोन्ही बाजूंनी पडतं. लहान ऑर्डरीवर तुम्ही मार्जिन वाचवलेलं नाही, ते कुरिअर कंपनीला दिलं आहे. दोन-तीन किलोच्या ऑर्डरीत चित्र उलटं होतं, कारण कुरिअरचा खर्च किलोमागे बराच उतरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वेबसाइटवर ऑर्डरी वाढताना दिसतात, तेही जपून वाचायला हवं. वेबसाइट तुम्हाला आलेल्या माणसांची नावं दाखवते. दुकानातून गेलेल्या माणसांची नावं तुमच्याकडे कधीच नव्हती, त्यामुळे ती गेल्याचं कुठेच उमटत नाही. कॉम्प्युटरवर रोज वाढ दिसत राहते आणि तूट दिसते ती थेट वर्षअखेरीच्या ताळेबंदात.

याच भूलथापेत जगातल्या मोठ्या कंपन्याही सापडल्या आहेत. बुटांच्या धंद्यातल्या नायकीचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. २०१७ मध्ये नायकीने थेट ग्राहकाला विकण्याचं धोरण जाहीर केलं. जगभरात तीसेक हजार विक्रेते त्यांचा माल विकत होते. त्यांतल्या चाळीसेक निवडक भागीदारांवर लक्ष एकवटायचं आणि बाकी भर स्वतःची दुकानं आणि अ‍ॅपवर, असा तो बेत होता. २०१९ मध्ये त्यांनी अ‍ॅमेझॉनला थेट माल देणं बंद केलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या झॅपोस, डिलार्ड्स, डीएसडब्ल्यू, मेसीज अशा मोठ्या विक्रेत्यांचा पुरवठा एकेक करून थांबला किंवा आटला. फूट लॉकर या बुटांच्या दुकानांच्या साखळीची २०२० मधली जवळपास तीन चतुर्थांश खरेदी एकट्या नायकीची होती. तो वाटा पुढे बराच कमी होईल, असं फूट लॉकरने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं आणि त्यांचा शेअर एका दिवसात तीस टक्क्यांच्या आसपास कोसळला.

सुरुवातीला नायकीचे आकडे सुरेख दिसत होते. एक तर मधला विक्रेता गेला की तोच बूट पूर्ण किमतीला आपल्या खात्यात दिसतो. दुसरं, कोरोनाच्या काळात दुकानं बंद होती, त्यामुळे लोक अ‍ॅपवर आले. ती तात्पुरती गर्दी कायमची समजली गेली. इकडे दुकानांतल्या मोकळ्या फळ्या रिकाम्या राहणार नव्हत्या. होका, ऑन यांसारख्या धावण्याच्या बुटांच्या कंपन्या तिथे येऊन बसल्या. जो माणूस दुकानात पाय घालून, दोन पावलं चालून बूट घ्यायचा, त्याला विक्रेत्याने नायकीऐवजी दुसरं काहीतरी दाखवलं. त्याने ते घातलं आणि ते त्याला आवडलं. २०२३ मध्ये नायकी मेसीज आणि डीएसडब्ल्यूकडे परतली. जून २०२४ मध्ये विक्री घटण्याचा अंदाज जाहीर झाला तेव्हा शेअर एका दिवसात वीस टक्क्यांनी पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने इलियट हिल यांना मुख्याधिकारी म्हणून परत आणलं. हा माणूस १९८८ मध्ये तिथेच इंटर्न म्हणून लागलेला, बरीचशी कारकीर्द विक्रीच्या बाजूला गेलेली. विक्रेत्यांशी तुटलेली नाती सांधणं हे त्यांनी पहिल्या कामांत धरलं. २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनला पुन्हा थेट माल द्यायचंही ठरलं. नायकीच्या घसरणीला नवीन डिझाइन न येणं, जुन्याच मॉडेलांवर विसंबणं अशी इतरही कारणं होती, सगळा दोष एकट्या वितरणाचा नाही. पण सोडलेली फळी परत मिळवायला किती काळ आणि पैसा लागतो, हे यातून दिसतं. नायकीकडे ती किंमत मोजायला पैसा होता. तुमच्या-माझ्यासारख्यांकडे तो नसतो.

मग मोजक्या ठिकाणी विकणं चूकच का? मुळीच नाही. "आमची कोठेही शाखा नाही" ही पाटी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. अशा दुकानासमोर लोक रांग लावतात आणि त्यांना राग येत नाही, कारण पहिल्या दिवसापासून तो माल तिथेच मिळतो. शाओमी ही मोबाइल कंपनी जुलै २०१४ मध्ये भारतात आली ती फक्त फ्लिपकार्टवर. आधी नोंदणी करा, मग ठरलेल्या वेळी मोबाइल हातात घेऊन बसा, आणि काही सेकंदांत माल संपलेला. लोकांनी हेही सोसलं, कारण तशा फोनला दुकानात पुष्कळ जास्त पैसे पडत होते. त्रासाच्या बदल्यात त्यांना डोळ्यांना दिसणारं काहीतरी मिळत होतं. तरीही २०१७ मध्ये शाओमीला स्वतःची दुकानं आणि भागीदार विक्रेते उभे करावेच लागले, कारण लहान शहरांतले काउंटर विवो आणि ओप्पोने भरून टाकले होते. सुरुवातच अरुंद असली तर कोणाची सवय मोडत नाही. तुम्ही रुंद रस्ता अरुंद केलात, आणि त्या बदल्यात गिऱ्हाइकाला काय दिलंत, हा प्रश्न तुमच्यासमोर आहे. भाव उतरवलात? ताजा माल दिलात? बहुतेक वेळा उत्तर "काही नाही" असंच असतं, वाचलेलं मार्जिन आपल्याच खिशात ठेवायचा बेत असतो. गिऱ्हाइकाला ते कळतं.

मधला टप्पा गाळूनही गिऱ्हाईक सुखावल्याची उदाहरणं आहेत. १९४२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्सने घाऊक व्यापाऱ्याचा थर काढून टाकला आणि रंग थेट गावोगावच्या दुकानदाराला द्यायला सुरुवात केली. पण गिऱ्हाइकाच्या जवळचं दुकान त्यांनी हलवलं नाही. उलट दुकानदाराला दिवसातून एकाहून जास्त वेळा माल पोचेल अशी व्यवस्था लावली, म्हणजे कमी भांडवलात जास्त छटा ठेवता याव्यात. काढला तो थर गिऱ्हाइकाला दिसतही नव्हता. तुमच्या साखळीत असा थर कुठला आहे ते तपासा. सुपर स्टॉकिस्ट (वितरकांना माल पुरवणारा मोठा साठेदार), त्याखाली वितरक, मग दुकानदार अशी उतरंड असेल, तर सुपर स्टॉकिस्ट गेल्याने आजींना काहीच कळणार नाही. वाण्याकडचं पाकीट गेलं की लगेच कळतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. दुकानं सोडण्याचं खरं कारण मार्जिन होतं की उधारी? अनेकदा मालक "मार्जिन परवडत नाही" म्हणतो आणि खोलात गेलं की वसुली होत नसते. तसं असेल तर उपाय वेगळा आहे: बुडवणारी दुकानं सोडा, बाकीच्यांना रोखीने किंवा आधीचं बिल चुकतं झाल्यावरच पुढचा माल, या शिस्तीत माल द्या. तुमची उत्पादनक्षमताच कमी असेल आणि आईंच्या हातची चव राखायची म्हणून जास्त करायचंच नसेल, तर मोजकी दुकानं हा योग्य निर्णय आहे. पण तो तसा सांगून घ्यायला हवा. बाजारात तुमच्या नावाने बनावट माल फिरत असेल, तर आणखी वेगळा विचार करावा लागेल. आणि माल थांबवताना दुकानदारांकडची जुनी पाकिटं परत न घेता, हिशेब पुरता न करता निघून आला असाल, तर परतीची सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आता परतायचं कसं. जुन्या बिलबुकातून शेवटच्या दोन वर्षांचा दुकानवार माल काढा. ऐंशीपैकी वीस-पंचवीस दुकानांनी निम्म्याहून जास्त माल उचललेला निघेल, असा माझा आजवरचा अनुभव आहे. फक्त त्यांच्याकडे जा, आणि स्वतः जा, सेल्समन पाठवू नका. दुकानदार टाकून बोलेल. बोलू द्या. "त्या वेळी सांगायला यायला हवं होतं, आलो नाही" एवढं सरळ म्हणा आणि त्याच्याकडचं जुनं पाकीट राहिलं असेल तर पहिल्याच भेटीत बदलून द्या. तो पूर्वीपेक्षा एखादा टक्का जास्त मागेल, किंवा आठ दिवसांची उधारी मागेल. यातलं एक द्या, दोन्ही देऊ नका. पहिल्या फेरीत दुकानामागे सहा किंवा बारा पाकिटंच ठेवा. फळी भरून माल टाकायचा मोह होईल, पण पडून जुना झालेला मसाला रंगाने आणि वासाने उतरतो, आणि ती नाराजी पहिलीपेक्षा वाईट.

वेबसाइट बंद करू नका, तिला तिचं काम द्या. मसाल्याच्या खरेदीचे दोन प्रसंग असतात. नवी मिरची बाजारात आली की उन्हाळ्यात वर्षाची साठवण होते. डंकावर जाऊन कांडून आणायला ज्यांना आता जमत नाही, ती पुण्या-मुंबईतली घरं दोन-चार किलो मसाला एकदम मागवतील. ही ऑर्डर वेबसाइटची आणि व्हॉट्सअ‍ॅपची. कुरिअरचं गणितही तिथेच बसतं. फेब्रुवारीतच नोंदणी घ्या, मिरची कुठली वापरणार ते लिहा, मसाला कधी कांडणार त्याची तारीख द्या. दुसरा प्रसंग म्हणजे अचानक संपलेला मसाला, पाहुणे आले म्हणून संध्याकाळी लागलेलं पाकीट. त्यासाठी कोणीही तीन दिवस कुरिअरची वाट बघत नाही. ती विक्री दुकानाचीच.

भावाच्या बाबतीत कडक राहा. एकाच पाकिटावर दुकानासाठी एक आणि वेबसाइटसाठी दुसरी एमआरपी छापता येत नाही, तसा नियमच आहे. पण एमआरपीपेक्षा कमी भावात विकायला मोकळीक असते, आणि तिथेच दुकानदाराशी भांडण पेटतं. २०२१ संपताना आणि २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी मोठ्या कंपन्यांविरुद्ध असहकार पुकारला होता, त्याच्या मुळाशी हेच होतं: तोच माल घाऊक विक्रीच्या अ‍ॅपवर दुकानदाराला वितरकापेक्षा स्वस्त मिळत होता. तुम्ही २०० ग्रॅमचं पाकीट वेबसाइटवर वीस रुपयांनी स्वस्त ठेवलंत, तर दुकानदार तुमचं पाकीट खालच्या फळीवर सरकवेल आणि त्याला मी दोष देणार नाही. लहान पाकिटाचा भाव दोन्हीकडे सारखा ठेवा. सवलत द्यायचीच असेल तर ती किलोच्या पाकिटावर द्या, जे दुकानात ठेवायचंच नाही.

आणि सगळ्यात आधी एक काम करा, दुकानांकडे जाण्याच्याही आधी. ज्यांनी रागावून फोन केले त्यांचे नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आहेत. त्यांना उलट फोन करा, आईंना करता आला तर उत्तमच. माफीचं लांबण लावू नका. एवढंच विचारा की तुम्ही आमचा मसाला कुठल्या दुकानातून घ्यायचात, आणि आता कुठला वापरता. पहिल्या उत्तरातून तुमची पहिली वीस दुकानं ठरतील. दुसऱ्यातून कळेल की तुमच्या जागी फळीवर कोण येऊन बसलंय, त्याचं पाकीट किती ग्रॅमचं आहे आणि भाव काय आहे. मग दुकानात माल पोचला की त्या प्रत्येकाला दुकानाच्या नावासकट कळवा. हे फोन झाल्यावर दुकानांची यादी आणि तुमचा खरा मार्जिनचा आकडा मला लिहा, म्हणजे वितरक ठेवावा की सातारा-कराडला स्वतःच्याच गाडीने माल टाकावा, याचं गणित आपण मांडू.